कर्जमुक्तीचं जेवण

आमच्या घराचा लिलाव झाला, त्याच्या पुढच्याच रविवारी मी मटणाचं जेवण घातलं.

घर गेल्यावर माणूस तोंड लपवतो, हे मलाही माहीत आहे. पण माझी एक पक्की समजूत होती. आपण बँकेकडून कर्ज घेतलं, ते फिटलं नाही, बँकेनं घर घेतलं, म्हणजे फिटंफाट. देणं संपलं. दोन वर्षं नोटिसांच्या धास्तीत काढल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं, की एका मित्राच्या शेतात चूल पेटवून तांबडा-पांढरा रस्सा केला आणि तीस-चाळीस जणांना बोलावलं. आमच्याकडं जेवणाला कारण लागतंच असं नाही, पण असलं तर बरं दिसतं.

बोलावलेल्यांत बँकेचे वसुली अधिकारीही होते. यात मला काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षं दर महिन्याला ते घरी येत होते. बायको त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा टाकायची. आमचे सख्खे नातेवाईक तेवढ्या वेळा येत नव्हते.

पंगत बसल्यावर मी उभा राहून भाषणही केलं. "मंडळी, आजपास्नं मी कुणाचं काय देणं लागत न्हाय. बँकेनं घर घेतलं, माझं कर्ज गेलं. विषय मिटला!" लोकांनी डाव्या हातानं मांडीवर थापा मारून दाद दिली. बँकेच्या साहेबांनी मात्र मान खाली घातली आणि वाढप्याकडं आणखी एक वाटी पांढरा मागितला. त्यांना भरून आलंय, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. विषय : मालमत्ता विक्रीनंतर येणे बाकी. रक्कम साडेसहा लाखांच्या वर, अधिक पुढचं व्याज. आणि तळाला बारीक अक्षरात : प्रत, जामीनदार यांस.

मी तसाच बँकेत गेलो.

"साहेब, तुम्ही जेवायला आलता की!"

"आलतो."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"पावणं, पानावर बसल्यावर कसं बोलायचं? तुमचं भाषण रंगात आल्यालं. त्यात मी उठून सांगू व्हय, बाकी ऱ्हायलीय म्हणून?" मग जरा थांबून म्हणाले, "रस्सा मातूर एक नंबर हुता."

त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि समजावलं. घर विकून आलेले पैसे आधी खर्चात वळते होतात, मग व्याजात, आणि त्यातून काही उरलं तर मुद्दलात. खर्चाची यादी त्यांनी दाखवली. वर्तमानपत्रातली जाहिरात, मूल्यांकन, वकील, आणि शेवटी कुलूप. माझ्या दाराला मला आत जाता येऊ नये म्हणून जे कुलूप लावलं होतं, त्याचे पैसे माझ्याच नावावर पडले होते.

"कुलपाचंबी?"

"चांगल्या कंपनीचं हुतं," साहेब म्हणाले.

आता घर इतकं स्वस्तात का गेलं, तेही सांगून टाकतो. त्यातही माझाच हात आहे. घराचं दार दक्षिणेला. म्हणूनच मला ते वीस वर्षांपूर्वी स्वस्तात मिळालं होतं, आणि मी असलं काही मानत नाही, असं सांगत मी वीस वर्षं गावभर मिरवलं होतं. लिलावाआधी एक गिऱ्हाईक घर बघायला आलं. "दार दक्षिणंला व्हय?" त्यानं विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "व्हय, पण आमचं आजपातूर काय वाईट झालं न्हाय." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि एकदा त्याच दारावर चिकटवलेल्या बँकेच्या नोटिशीकडं. बँकेनं लिलावाच्या बोलीची बंद पाकिटं मागवली होती. एकच आलं. त्याचंच.

आणि कर्ज? ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत झालं. तिथं मी भाड्याच्या शेडमध्ये लोखंडाचे सुटे भाग करून द्यायचो. पंचतारांकित म्हटल्यावर मला उगीचच मोठ्या हॉटेलात उतरल्यासारखं वाटायचं. त्या भरात घर गहाण टाकून मोठं मशीन घेतलं. काम देणारा कारखाना एकच होता. त्यानं काम थांबवलं आणि मशीन नुसतं उभं राहिलं. फार देखणं मशीन होतं; घराआधी तेच विकलं गेलं. आता मी त्याच एमआयडीसीत दुसऱ्याच्या शेडमध्ये सुपरवायझर आहे. मालक चांगला आहे. मी मशीन घ्यायचा सल्ला देऊ लागलो, की तो फोन आल्यासारखं करून बाहेर जातो.

साडेसहा लाखांनी मी हादरलो, पण माझी झोप उडवली ती त्या तळाच्या बारीक अक्षरांनी. जामीनदार म्हणजे माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इचलकरंजीजवळ कबनूरला त्याचे कापडाचे आठ माग आहेत, आणि त्या आठ मागांवर त्याचं सगळं घर चालतं. मी सही मागितली तेव्हा त्यानं एक शब्द विचारला नव्हता. आता जुने चार माग काढून नवे घेण्यासाठी त्यानं दुसऱ्या बँकेत अर्ज केला होता, तो माझ्या थकबाकीपायी अडकला होता. आणि साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं : "आमच्या कागदावर तुमच्याकडं न्यायला आता काय न्हाय. तुम्ही भरलं न्हाईसा, तर आमाला कबनूरला जावं लागंल."

हे साडू मला बोलला नव्हता. अर्जाचं बाहेरून कानावर आलं; तिकडं किती लागलंय ते कळलं बायकोच्या फोनवरून, म्हणजे तिचा फोन वाजायचा थांबला यावरून. दोघी बहिणी रोज सकाळी अर्धा तास बोलायच्या. भाजी काय केलीस इथपासून सुरुवात. पत्र आल्यावर ते बंद झालं. बायको कुकर लावायची आणि फोनकडं बघत उभी राहायची.

"जाऊन या," ती म्हणाली. "न्हायतर चला, मीबी येते."

आम्ही गाडीनं गेलो. या गाडीचंही सांगायला हवं. मशीन आलं त्याच वर्षी घेतलेली, पांढरी, लांबलचक. एमआयडीसीत मालक म्हणवून घ्यायचं, तर पांढरी गाडी हवीच, असं मला वाटायचं. तिचं कर्ज फिटलं होतं. माझ्या आयुष्यात फिटलेलं ते एवढंच. घर गेल्यावर आम्ही मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहायला आलो. गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून ती कोपऱ्यावर लावायचो आणि रोज सकाळी जाऊन फडक्यानं पुसायचो. कुणी विचारलं, की सांगायचो, "घराचं काम काढलंय, तवर हितं."

कबनूरला साडूच्या दारात गाडी उभी केली. आत मागांचा खडखडाट चालू होता. मेहुणी दारात आली, तिनं आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दाजी, गाडी झ्याक पुसलीया की. परगावी निघालाय व्हय?"

"गप की गं," साडू आतून हात पुसत आला. "बसा, पावणं."

मी बसलो. घरून पाठ केलेलं सगळं विसरलो. तोच बोलला, आणि मागांच्या आवाजावरून ओरडून बोलायची सवय असल्यामुळं जे बोलला ते शेजारच्यांनीही ऐकलं असणार.

"मी तुमाला काय म्हणणार न्हाय. सही केली ती मी केली, तुम्ही काय माझा हात धरला न्हवता. फकस्त एक सांगा. बँकंची माणसं माग उचलाया कधी येतील?"

"का?"

"न्हाय, आधी कळलं तर बीमं संपवून ठेवीन. अर्ध्या बीमावर माग काढला, की सूत वाया जातंय."

मागावर सुताचा जो मोठा रूळ चढवतात, तो बीम. माझ्यापायी आपले माग जाणार, हे या माणसानं धरून चाललं होतं, आणि चिंता करत होता ती सूत फुकट जाण्याची. शिव्या घातल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तरं द्यायला मी कमी नाही. त्या प्रश्नावर मात्र मी आतल्या मागांकडं बघितलं. मी म्हणालो, "येणार न्हाईत." कशाच्या जोरावर म्हणालो, माहीत नाही.

परतीच्या वाटेवर हातकणंगल्याजवळ बायकोनं डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ही गाडी आपण कुणासाठी ठेवलीया?"

"अगं, गाडीबी गेली तर लोकांना वाटंल की..."

"लोकांनी लिलावाचं पेपरात वाचलंय. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, चतुःसीमेसकट. मंगळवार पेठेत सगळ्यांना म्हाईत हाय. तुम्ही 'घराचं काम काढलंय' म्हणता, आन् ती माणसं बिचारी मान डोलावतात."

मी पुढचा रस्ता नीट बघून गाडी चालवली. एवढ्या नीट मी ती कधीच चालवली नव्हती.

जुन्या गाड्यांच्या एजंटानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकला, पत्र्यावर तिरकी नजर टाकली. "रोज कोरड्या फडक्यानं पुसत हुता काय?"

"व्हय. एक दिवस चुकवला न्हाय," मी अभिमानानं म्हणालो.

"म्हणूनच चरे पडल्यात. दहा हजार कमी हुतील."

शान मिरवण्याचा इतका नेमका दंड मला कोणत्याही बँकेनं लावला नव्हता. गाडीचे तीन लाख ऐंशी हजार आले.

मधल्या काळात साहेबांनीच मार्ग सांगितला होता. एकरकमी तडजोडीसाठी अर्ज करा, काही रक्कम सोबत भरा, बाकीची महिन्याभरात, मग समिती व्याज सोडेल. मला वाटतं, त्या पांढऱ्या रश्श्याची त्यांना थोडी टोचणी होती. त्यांनी अर्ज तीन वेळा दुरुस्त करायला लावला. पहिल्या अर्जात मी माझी सगळी जीवनकथा लिहिली होती. साहेब म्हणाले, "पावणं, एवढं समितीत कोण वाचणार? पगार लिवा, भाडं लिवा, घरात खाणारी माणसं लिवा." समितीनं साडेचार लाख कबूल केले. सत्तर हजार कमी पडत होते, ते मालकाकडून उचल म्हणून घेतले. ते पगारातून अजून कापले जातात. उचल देताना मालकानं एवढंच विचारलं, "मशीन तर घेणार न्हाईसा न्हवं?"

पैसे भरले, त्या दिवशी बायको बरोबर होती. साहेबांनी दाखला दिला, आणि नियमाप्रमाणं हेही सांगितलं, की माझ्या खात्यापुढं पूर्ण फेड असं न लागता तडजोड असं लागणार, आणि आता बरीच वर्षं मला कुठलीही बँक दारात उभी करणार नाही. हे ऐकून बायकोच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मी दाखला खिशात घालणार, तेवढ्यात तिनं तो हातातून काढून घेतला आणि वाचला.

"साहेब, ह्यात आमच्या पावण्यांचं नाव कुठं हाय?"

"कर्ज मिटलं की जामीन आपोआप मिटतोय, वहिनी. वेगळं लिवायची पद्धत न्हाय."

"आपोआप काय मिटतंय न् काय न्हाय, हे आमी जेवण घालून बघितलंय," ती म्हणाली. "नोटीस धाडताना त्यांचं नाव तुमाला बरोबर सापडलं की. मग आता का सापडत न्हाय?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. ती खुर्चीतून हलली नाही. जेवणाची सुट्टी झाली, संपली, मागचे दोन खातेदार पुढं जाऊन आले. शेवटी वेगळं पत्र टाइप होऊन आलं : सदर जामीनदार यांस जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे. खाली सही, शिक्का. तिनं शिक्काही निरखून बघितला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं इचलकरंजी आणि तिथून रिक्षानं कबनूर. मेहुणीनं दारात येऊन रस्त्यावर गाडी शोधली. ती दिसली नाही तेव्हा बहिणीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. थोड्या वेळानं आतून दोघींचा आवाज यायला लागला. भाजीपासूनच सुरुवात झाली होती.

साडूनं तेलकट हात पुसले, पत्र दोन बोटांत धरून उजेडाकडं नेलं आणि ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे मूळ माझ्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तुमाला झेरॉक्स देतो."

मला हसू आलं आणि लागलंही. "ठेव," मी म्हणालो. तो मोटरसायकलवरून गेला आणि झेरॉक्स काढून आला. एक माझ्या हातात दिली, आणि मूळ पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तिला दोन घड्या घालून कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप घातलं. किल्ली खिशात.

"उद्याच जातो माझ्या बँकंत. अर्ज पुन्यांदा चालू करा म्हणून सांगतो," तो म्हणाला.

"मी येऊ काय संगं?" मी विचारलं. "बँकंचं आता मला सगळं कळतंय. कुठल्या टेबलावर काय बोलायचं, अर्जात काय लिवायचं..."

"नगं, नगं," तो इतक्या घाईनं म्हणाला, की आतल्या दोघीही गप्प झाल्या. मग खुर्ची माझ्याकडं सरकवत हसला. "तुम्ही हितंच बसा, पावणं. च्या येतुया."

मी बसलो.