कॉफीच्या बाजूची खुर्ची

'गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळी पारा शून्याखाली अठरा. मोटार दुसऱ्या खेपेला सुरू झाली. फादरांचा खोकला बरा. अक्रोडाच्या पोटीत्सासाठी पीठ मळून फुगायला ठेवलं. संध्याकाळी चर्चच्या तळघरात हॉकीची सभा. कॉफी माझ्याकडे.'

इतकं लिहून मिल्का त्रेवेनने वही मिटली. उरलेला दिवस जेवणानंतर लिहायचा. ही सवय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बोनिफासने लावलेली. घडलं तेवढंच लिहावं, वाटलं ते पाद्र्याला सांगावं, असं सिस्टरचं म्हणणं. मिल्काने ते आयुष्यभर पाळलं. लग्न, लोखंडाच्या खाणीतला संप, मुलाचा जन्म, सगळं दोन-दोन ओळींत उरकलेलं. नवरा यर्ने गेला त्या दिवशीच्या पानावर तो गेल्याची नोंद आहे, आणि खाली अंगणातला बर्फ कोणत्या शेजाऱ्याने उपसला त्याचं नाव.

यर्ने गेल्यावर ती शनिवारच्या जेवणाच्या कामात शिरली. गावातल्या विद्यापीठाचा संघ बर्फावरच्या हॉकीत खालच्या वर्गात खेळे. सामना संपला की दोन्ही संघ, जिंकलेले आणि हरलेले, चर्चच्या तळघरात एकाच टेबलांवर जेवायला बसत. खिमा-बटाट्याचे वाफाळते ट्रे, कोबी, आणि अक्रोडाचं सारण गुंडाळून भाजलेला गोड पाव, म्हणजे पोटीत्सा. वाढायला चर्चच्या बायका आणि त्यांच्यावर हुकूम रोझी स्क्राबाचा.

"गोल खाल्लेस तेवढे बटाटेही खा, बाळा," असं म्हणत रोझी हरलेल्या गोलरक्षकाच्या ताटात आणखी एक डाव वाढायची. पोरं हसायची आणि खायची.

आता विद्यापीठाला सर्वांत वरच्या वर्गात उतरायचं होतं, मुलांचा संघ घेऊन आणि मुलींचाही. त्यावर गावाचं मत घ्यायला आजची सभा होती. त्या वर्गातले संघ सामना संपताच बसमध्ये बसून बरोबरचे डबे खात निघून जातात. म्हणजे शनिवारचं जेवण बंद. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका विरोधात होत्या आणि मिल्काही आहे, असं त्यांनी धरूनच चाललं होतं.

मिल्काची नात क्लारा गोल राखायची. मे महिन्यात तिची शाळा संपत होती. शिष्यवृत्ती देणारा वरच्या वर्गातला संघ दुसऱ्या राज्यात, विस्कॉन्सिनमध्ये होता. इथेच तसा संघ निघाला तर पोरगी गावात राहील, रविवारी जेवायला येईल, हे मिल्काच्या मनात शरद ऋतूपासून घोळत होतं. रोझीला ती त्यातलं अक्षरही बोलली नव्हती.

संध्याकाळी तळघरात मधे वाट सोडून दोन बाजूंना खुर्च्या मांडल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी विरोधातले लोक स्वयंपाकघराच्या बाजूला जमले आणि ज्यांना नवा संघ हवा होता ते दाराकडे. मिल्का नेहमीच्या खुर्चीवर बसली, कॉफीच्या भांड्यांशेजारी. लग्नाच्या जेवणाला, मयताच्या जेवणाला, ती तिथेच बसत आली होती.

भाषणं झाली. विद्यापीठाच्या विश्वस्तांचे अध्यक्ष, मिस्टर हॅलोरन, उठले. "हात वर करायला लावत नाही. बसलात त्यावरून दिसतंच आहे. या बाजूचे सगळे विरोधात, असं मी लिहून घेतो."

रोझीने टाळ्या वाजवल्या. मिल्का उभी राहिली.

"मला त्यात धरू नका."

"बस गं," रोझी म्हणाली. "कॉफी उकळेल."

"कॉफीसाठीच इथे बसले होते. मला संघ हवाय."

"काय म्हणालीस?"

"नात घरी राहील, रोझी. एवढंच कारण आहे. गावाचं भलं वगैरे मला सांगता येत नाही."

"म्हणजे नातीपायी आम्हाला विकलंस?"

"विकलं असतं तर त्या पैशात घराच्या छपराची गळती नसती काढली?"

दाराकडचे हसले. स्वयंपाकघराकडचं कोणी हसलं नाही. मिल्काने आपली खुर्ची उचलली, वाट ओलांडली आणि पलीकडे नेऊन ठेवली. कोणी मदतीला उठलं नाही.

तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "मुलींचा पहिला सामना कधी?"

"होकार मिळाला तर दोन हिवाळ्यांनी," हॅलोरन म्हणाले. "आधी बर्फाचं मैदान बांधावं लागेल."

मिल्काने मनात येता हिवाळा धरला होता. तिने कोणाला विचारलंच नव्हतं. क्लारा दोन वर्षं थांबणारी नव्हती, थांबूही नये.

रोझीला हे सगळ्यांच्या आधी उमगलं. ती तिथूनच ओरडली, "ऐकलंस ना? ये आता इकडे."

"नको."

"अगं, तुझी क्लारा तर चालली!"

"तिच्यामागच्या पोरी तर आहेत. आणि ही खुर्ची जड आहे, रोझी. परत नाही उचलत."

सभा संपल्यावर कप धुवायला मिल्का आत गेली. रोझीने एकटीनेच निम्मे धुतले होते. तिने फडकं पुढे केलं नाही. मिल्काने खुंटीवरचं दुसरं घेतलं. दोघींनी उरलेले कप धुऊन पुसले. निघताना रोझी म्हणाली, "शनिवारी कोबी तू चिरायचीस. मी येणार नाही." मिल्का "बरं" म्हणाली.

घरी येऊन तिने क्लाराला फोन केला आणि इथला मुलींचा संघ दोन हिवाळ्यांनंतरच खेळेल, असं सांगितलं.

"आजी, मला ठाऊक होतं," क्लारा म्हणाली. "विस्कॉन्सिनला मागच्याच आठवड्यात हो कळवलं. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

"सांगायचंस की."

"रागावलीस?"

"नाही. मुक्कामाची सोय नीट बघ. आणि मोजे लोकरीचे ने."

जेवण झाल्यावर तिने वही उघडली. सभा झाली, खुर्ची बदलली, क्लारा विस्कॉन्सिनला जाणार, रोझी शनिवारी येणार नाही, असं एकाखाली एक लिहिलं. मग शेवटची ओळ लिहिली: 'पीठ जास्त फुगून भांड्याबाहेर आलं. खालचं फडकं भिजत घातलं आहे.'