माहेरचा मासा आणि मामंजींचं इंजिन

वैशाखातली सकाळ होती... तारापूरजवळच्या आमच्या वाडीत, विहिरीच्या काठावर मी डोक्यावर पदर घेऊन उभी होते. समोर फडक्याने झाकलेली कळशी, आणि कळशीत माझ्या माहेरचा मासा.

साठच्या दशकातली गोष्ट आहे ही. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि पहिलं माहेरपण करून मी आदल्या संध्याकाळीच सासरी परतले होते.

आमच्या घरांत एक पद्धत होती. मुलगी पहिल्या माहेरपणाहून निघाली की माहेरच्या विहिरीतला एक मासा तिच्यासोबत द्यायचा आणि तो सासरच्या विहिरीत सोडायचा. मासा डासांच्या अळ्या खातो, पाणी चांगलं राहतं, हे झालं शहाणपणाचं कारण... बायका मात्र म्हणायच्या, मासा जगला की पोर त्या घरात रुजली.

एरवी आम्ही सगळे पक्के मासेखाऊ. कोळीण पाटी घेऊन दारात आली की अख्खं घर तिच्याभोवती गोळा व्हायचं. पण विहिरीच्या माशाला कुणी हात लावायचा नाही.

तर केळव्याहून हा बोटभर मासा निघाला. पालघरला पॅसेंजरमध्ये बसल्यापासून बोईसरला उतरेपर्यंत कळशी माझ्या मांडीवर होती. पुढे बैलगाडीत पाणी डुचमळायचं, फडकं जरा बाजूला केलं की आत एक रुपेरी रेघ वळायची... मला वाटायचं, आईचं अंगणच माझ्याबरोबर निघालंय.

सासूबाई हळदकुंकू आणायला घरात गेल्या आणि तेवढ्यात मामंजी आले. मामंजी म्हणजे माझे सासरे... उंच, अबोल आणि आपल्या इंजिनावर जीव टाकणारे. तिकडे समुद्राकाठी विजेच्या केंद्राचं बांधकाम चाललं होतं, पण आमच्या वाडीत विजेचा पत्ता नव्हता. म्हणून रहाट काढून त्यांनी नवंकोरं डिझेल इंजिन बसवलं होतं. बैल परवडला, याचे लाड कोण पुरवणार, असं सासूबाई म्हणायच्या.

त्या पंपाची एक खोड होती. चालू करण्याआधी विहिरीत सोडलेल्या पाइपात वरून पाणी भरावं लागायचं, नाहीतर तो नुसती हवा ओढत बसायचा. मामंजींनी काठावरची भरलेली कळशी पाहिली. सुनेने आपल्यासाठी पाणी तयार ठेवलंय असं त्यांना वाटलं असणार... कारण माझ्याकडे बघून त्यांनी चक्क कौतुकाने मान डोलावली. मग फडकं काढून अख्खी कळशी पाइपात ओतली.

पाण्याबरोबर एक लकाकी गेली... आणि मग पाइपाचं काळं तोंड तेवढं उरलं.

आता इंजिन सुरू झालं की पाणी वर ओढलं जाणार आणि मासा थेट पंपाच्या पंख्यात. मामंजींनी हँडल हातात घेतलं. वाडीतल्या विड्याच्या पानवेली तहानलेल्या होत्या, ऊन चढायच्या आत त्यांना पाणी जायला हवं होतं.

आणि आमच्याकडे सून सासऱ्यांशी बोलत नसे. काही सांगायचं तर सासूबाईंकरवी, नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखं. विहिरीवर ना सासूबाई होत्या, ना भिंत.

"थांबा!"

हे मीच ओरडले होते. डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला, मला कळलं नाही.

मामंजी हँडल धरून तसेच वाकलेले. "काय झाला?"

"मासा हाय पाइपात... माझ्या आयेच्या विहिरीतला."

मी रडायच्या बेतात होते. त्यांनी रिकाम्या कळशीत डोकावून पाहिलं, मग वेलींकडे पाहिलं. मग हँडल खाली ठेवलं, धोतर वर खोचलं, पाना घेतला आणि विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले.

सासूबाई हळदकुंकू घेऊन आल्या तर त्यांचा नवरा कमरेभर पाण्यात. "आता काय बिघडला त्या मेल्या इंजिनाचा?" मी फक्त पाइपाकडे बोट दाखवून "मासा" म्हटलं. त्या मटकन काठावर बसल्या.

पाइपाच्या तळाशी झडप असते, भरलेलं पाणी परत खाली जाऊ नये म्हणून. मामंजी ती पाण्याखाली चाचपडत सोडवत होते. हिरवं पाणी, त्यांच्या उघड्या पाठीवर हलणारे कवडसे... वर काठावर आम्ही दोघी. वाडीतली पानं सळसळायची, तेवढाच आवाज. ती सकाळ मला अजूनही स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते... किती वेळ गेला, देव जाणे.

मग झडप निघाली. पाण्यात बुडबुडे उठले आणि मामंजी हात बुडवून अगदी स्तब्ध उभे राहिले.

"गेला..." ते हळूच म्हणाले. "हाताला लागून गेला. जिता हाय."

सासूबाईंनी बसल्या जागेवरूनच हळदकुंकू विहिरीत टाकलं. त्यातलं बरंचसं मामंजींच्या टकलावर पडलं... आणि त्या इतक्या हसल्या की मीही हसले. सासरी पहिल्यांदाच, मोठ्याने.

झडप पुन्हा बसवून वेलींना पाणी जाईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. काही कोवळ्या वेलींनी त्या दिवशी माना टाकल्या. मामंजी त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाइपात पाणी ओतण्याआधी त्यांनी कळशी माझ्यासमोर धरली. "सूनबाय, यात कोन हाय का?"

"कोन नाय," मी म्हटलं. आमचं बोलणं सुरू झालं ते असं... मग कितीतरी वर्षं थांबलं नाही.

आज मामंजी नाहीत, पण मनातून त्यांना रोज हात जोडते. मी त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द 'थांबा' होता, आणि ते थांबले. माप ओलांडून त्या घरात मी आधीच आले होते... घरची झाले ती त्या सकाळी.