न शिवलेली पेज

जठराचा मोठा भाग काढल्यापासून वाटीभर पेजही मला जड जाते. केमोच्या दिवसांत तर दोन चमचे गेले तरी खूप. उरलेली पेज माझी बायको, सुमन, खिडकीच्या कठड्यावर कावळ्यासाठी ठेवते. तो रोज येतो. मान तिरकी करून पेजेकडे नाही, माझ्याकडे बघतो आणि चोच न लावता उडून जातो. पेजेशेजारी ठेवलेली शिळी पोळी मात्र क्षणात उचलतो.

इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. मग घरचे हात जोडून काहीबाही कबूल करतात आणि तो शिवतो. पण मी तर अजून इथे आहे, खुर्चीत, शाल पांघरून. भेटायला येणारा प्रत्येक जण 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतो. ते कसं राहायचं, हे कोणी सांगत नाही.

आज कावळा पेजेला शिवला नाही आणि उडूनही गेला नाही, जागचा हललाच नाही. सुमनचा चेहरा उतरला. नकळत हात जोडून ती त्याला म्हणाली, "यांचं जे काही राहिलं असेल, ते मी..."

"थांब," मी म्हणालो. "त्याला काही कबूल करू नकोस. राहू दे माझी इच्छा."