एझ्राकडे राहिलेली चाल

डेल्फा स्टँपर आठवड्याचे पाच दिवस शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचा घेवडा शिजवायची आणि शनिवारी सकाळी नऊ ते अकरा रेडिओवर बोलायची. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातलं ते रेडिओ केंद्र म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिचा आवाज जेमतेम तीन खोऱ्यांत पोचायचा, पण त्या तीन खोऱ्यांत शनिवारी सकाळी दुसरं काही लावलेलं नसे.

कार्यक्रमाची रीत तिची तिनंच बसवली होती. लोकांच्या तोंडी असलेलं एखादं कंट्री गाणं घ्यायचं आणि मागे मागे जायचं. आधी जुन्या फिडलवाल्यानं व्हायोलिनवर वाजवलेलं, मग चर्चमधलं, मग कापसाच्या शेतातलं, मग समुद्रापलीकडून आलेलं. "चला, हे गाणं मूळ कुणाच्या घरचं ते बघू," असं म्हणून ती सुरुवात करायची. बायका फोन करून सांगायच्या, "मिस डेल्फा, माझी आजी हे निराळंच म्हणायची हं," आणि फोनवरच गाऊन दाखवायच्या. सूर लागो न लागो, ती ते तसंच सगळ्यांना ऐकवायची.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला मात्र दर शनिवारी एकच चाल वाजे. तिच्या आजोबांनी, ग्रॅन्व्हिल स्टँपरनी, बँजोवर वाजवलेली. ग्रॅन्व्हिल गोरे, खाणकामगार. डेल्फा अठरा वर्षांची असताना तिनं ती टेपवर घेतली होती. गावात त्या चालीला 'स्टँपरची चाल' म्हणत. डेल्फाचा थोरला भाऊ हर्शेल टायरचं दुकान चालवायचा आणि दर ऑक्टोबरात गावच्या जत्रेत तीच चाल वाजवायचा. जत्रेच्या मैदानावर आजोबांच्या नावाची पाटीही त्यानंच लावून घेतली होती.

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये एका शनिवारी पुढच्या गाण्याची तबकडी फिरत असताना फोन वाजला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"बाई, ती सुरुवातीची चाल कुणाची म्हणालात?"

"माझ्या आजोबांची."

"हं. मग ते मधेच का थांबतात?"

"थांबतात कुठे? तेवढीच आहे ती."

"तेवढीच कशी असेल? दोन भाग झाले. तिसरा कुठाय?" आणि त्यानं तिसरा भाग गुणगुणून दाखवला. उगीच जोडलेलं ठिगळ नव्हतं ते. पहिल्या दोन भागांत जे अधांतरी राहायचं, ते तिथे येऊन टेकत होतं.

त्याचं नाव लूशस पेटिग्रू. वय एक्क्याऐंशी, काळा माणूस, बाप खाणीत होता. उमेदीची वर्षं ओहायोतल्या कारखान्यात काढून तो आता शेजारच्या खोऱ्यात लेकीकडे राहायला आला होता. "माझ्या बापाची चाल आहे," तो म्हणाला. "एझ्रा पेटिग्रू. तुमचे आजोबा आणि तो जोडीनं कोळसा भरायचे. आमच्या घरी हिला 'लंगडं खेचर' म्हणतात."

एझ्रा हे नाव डेल्फाला नवं नव्हतं. मूळ टेपच्या शेवटी बँजो खाली ठेवताना आजोबा म्हणतात, "बाकीची एझ्राकडे राहिली." कार्यक्रम सुरू करताना तिनं ते वाक्य कापलं होतं. ऐकणाऱ्यांना काय कळणार, असं तिला वाटलं होतं. तेव्हा तिनं वडिलांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "असेल कुणी खाणीतला," आणि उठून गेले. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

रविवारी चर्च आटोपून ती लूशसच्या लेकीच्या घरी गेली. म्हाताऱ्याची बोटं सुजलेली होती, तरी त्यानं तिन्ही भाग वाजवले. मक्याचा पाव आणि ताक पुढे आलं.

"आधी का नाही हो फोन केलात?" तिनं विचारलं.

"वाटलं, सांगून काय होणार. पण दर शनिवारी तुम्ही विचारता ना, गाणं कुणाच्या घरचं म्हणून. म्हटलं, बाई विचारतेच आहे तर सांगावं."

सोमवारी ती हर्शेलच्या दुकानात गेली.

"डेल्फे, वेड लागलंय का तुला? कोण कुठला म्हातारा येतो नि सांगतो..."

"म्हातारा कशाला? आजोबाच सांगतायत. टेपवर आहे."

"मग चौदा वर्षं गप्प बसलीस ती? आणखी चौदा बस की! कुणाचं काय अडलं होतं?"

 ती घरी आली.

पुढच्या शनिवारी तिनं टेप शेवटपर्यंत लावली, त्या वाक्यासकट. मग म्हणाली, "ही चाल एझ्रा पेटिग्रूची. माझ्या आजोबांनी ती त्याच्याकडून घेतली आणि तसं सांगूनही ठेवलं. ते सांगणं मी कापलं." त्यानंतर शेजारी बसलेल्या लूशसनं पूर्ण चाल वाजवली.

अकरा फोन आले. चौघांनी शिव्या घातल्या. एका बाईनं विचारलं, "मग आमच्या ह्यांच्या अंत्यविधीला आम्ही वाजवली ती कुणाची?" डेल्फा म्हणाली, "एझ्राची. छान चाल आहे, वाजवलीत ते बरंच केलंत." एका म्हाताऱ्यानं सांगितलं की ग्रॅन्व्हिल आणि एझ्राला खाण कंपनीच्या दुकानाच्या पायऱ्यांवर एकत्र वाजवताना त्यानं लहानपणी पाहिलं होतं. हे गावात आणखी बऱ्याच जणांना ठाऊक असणार, असं तेव्हा डेल्फाच्या लक्षात आलं.

त्या ऑक्टोबरात हर्शेलनं जत्रेत काही वाजवलं नाही. पाटीवरचा मजकूर बदलण्यापेक्षा जत्रेच्या मंडळींनी पाटीच काढली. नवी कुणी लावली नाही. बहीणभाऊ सहा वर्षं बोलले नाहीत. हर्शेलच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती सूप घेऊन गेली. तो ते प्याला, टायरच्या धंद्याबद्दल बोलला, पायरीपर्यंत पोचवायलाही आला. चालीचा विषय त्यानंही काढला नाही आणि तिनंही नाही.

लूशस वर्षभर अधूनमधून कार्यक्रमाला येत राहिला. मग हातांनी साथ सोडली आणि पुढच्या हिवाळ्यात तो गेला. जाण्याआधी त्यानं डेल्फाला तिसरा भाग शिकवला. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बँजो धरणारीला जमेल तितपतच तिला तो जमला. कानांनी दगा देईपर्यंत, म्हणजे आणखी दहा वर्षं, तिनं कार्यक्रम चालवला. नंतर कुणी भेटायला आलं आणि आग्रह केला, तर ती बँजो काढायची, चुकायची, आणि चुकलं तिथून पुन्हा सुरू करायची.