पुंडलिकाने बंब दुरुस्त केला

पुंडलिक साकोलीकडचा. धानाची शेती भावाच्या हवाली करून छप्पन साली भिलाईला आला, प्लांटात पाइप फिटर झाला आणि कॅम्प-1 मध्ये आमच्या शेजारी राहू लागला. हात कसबी, पण मी म्हणेन तेच खरं असा खाक्या. आपण जोडलेल्या लाइनीतून कधी थेंब गळला नाही, हे तो इतक्यांदा ऐकवायचा की मला त्याचा राग यायचा. ते खरं होतं, म्हणून जास्तच.

एकसष्टच्या डिसेंबरात त्याची मुलगी नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळ-बाळंतिणीला रोज कढत पाणी हवं आणि घरातला तांब्याचा बंब तर पार थकलेला. बुडातून पाणी ठिबकून खालचा विस्तव विझायचा. वर पाणी ओतायच्या तोंडावरचं झाकण सैल, वाफ भसाभस बाहेर.

"अजी, दुर्गहून नवा आणा ना," त्याची बायको, भागीरथावहिनी, म्हणाली. "याच्यात आता काई जीव नाही."

"प्लांटातले एवढाले पाइप जोडून राहिलो मी, अन् घरचा बंब भंगारात देऊ? लोक हासतील मले."

सुटीच्या दिवशी तो सकाळपासून अंगणात बसला. बूड झाळलं, गळकी तोटी काढून नवी बसवली. इथवर ठीक होतं. मग त्याने वरच्या तोंडालाही आट्यांची कडी झाळली आणि त्यावर पितळेचं बूच बसवलं, पान्याने आवळायचं. आम्ही चार शेजारी बघायला गेलो. तोंडभर कौतुक केलं, मीसुद्धा. कोंडलेल्या वाफेला वाट ठेवली नाही तर काय होतं, हे आम्हा सगळ्यांना कामावर शिकवलेलं. पण तो प्लांट आणि हा घरचा बंब. एकाच्याही डोक्यात आलं नाही, याची आज लाज वाटते.

वहिनींना त्याने दोनदा करून दाखवलं. "कच्चून आवळ वं. वाफ निंगाली तर फायदा काय?"

पाच दिवस पाणी झटपट तापलं आणि तापलं की लगेच काढून घेतलं जाई. सहाव्या दिवशी बाळ रडायला लागलं. ते दूध पिऊन निजेपर्यंत नलूची अंघोळ लांबली. पाणी गार होऊ नये म्हणून वहिनींनी आणखी लाकडं सारली आणि बंबाजवळच बसून राहिल्या.

मी दाढी करत होतो. आवाज झाला तेव्हा वाटलं, प्लांटातच काहीतरी झालं. धावत गेलो तर न्हाणीचं छप्पर उडालेलं. नलू आणि बाळ आतल्या खोलीत होते, ते वाचले. वहिनींकडे मला बघवेना.

पुंडलिक पहिल्या पाळीला गेला होता. तो दवाखान्यात पोचला तेव्हा मी दाराशीच होतो.

"बूच?" त्याने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. तो भिंतीला टेकला. फिटरला आणखी काही सांगावं लागलं नाही.

आम्ही आत गेलो. वहिनी शुद्धीवर होत्या. चेहरा, छाती, हात सगळं पट्ट्यांत. त्याचा आवाज ऐकून पुटपुटल्या, "अजी, माह्यंच चुकलं. बूच नीट नसंन आवळलं मी. एवढं शिकवलं तुमी, तरी..."

पुंडलिकाचे ओठ हलले. सांग बाबा, मी मनात म्हणत होतो, एवढं तरी सांग तिला.

"मले माफ करा," वहिनी म्हणाल्या.

"केलं," तो म्हणाला.

संध्याकाळच्या आत त्या गेल्या. त्या एका शब्दासाठी मी पुंडलिकाशी नंतर कधी धड बोललो नाही. पण खाटेच्या पायथ्याशी मीही उभा होतो, आणि बूच तुम्ही अगदी नीट आवळलं होतं वहिनी, असं मीही त्यांना सांगितलं नाही.