डॅशबोर्डवरचा देवाचा दिवा

मंडळी, आज नव्या गाडीत गणपती बसवला अन् त्याच्यापुढं बारका लाल दिवा लावला. अकोल्याहून निघताना शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "हा दिवा काढ."

मी वैतागलो. "काहून? तुमच्या ट्रकमधी बी होताच ना."

"म्हणूनच सांगून राहिलो. लाल उजेड दिसला का मी हात जोडायचो. एकदा बार्शीटाकळीजवळ इंजिनातलं ऑइल कमी झाल्याचा लाल दिवा लागला. मले वाटलं, देवाचाच हाय. हात जोडले, गाडी दामटली. इंजिन जाम झालं."

ही साठच्या दशकातली गोष्ट. आता धोक्याच्या दिव्याचा रंग नियमानं लाल ठरलाय. त्यात आपणच आपला लाल मिसळतो.

अमरावतीत पोचल्यावर देवापुढं पांढरा दिवा लावला.

लाल दिसल्यावर तुमचे हात जोडले जातात, का पाय ब्रेकवर जातो?