गच्चीवर साचणारं पाणी आणि आमचे अण्णा

मागच्या रविवारी चौलला आईकडे गेले होते. सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत शिरले, तर पलंग ओढून मधोमध आणलेला आणि कोपऱ्यात पातेलं ठेवलेलं... छतातून पाणी टपकत होतं. "आठ दिवस झाले. तू धावत येशील म्हणून सांगितलं नाही," आई म्हणाली.

वर जाऊन बघितलं. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलेलं, त्यात नारळाची झावळी पडलेली, कठड्याला हिरवंगार शेवाळ.

तसं आमच्या गच्चीवर पाणी साचायचंच. मी पाचवीत असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कौलं उतरवून स्लॅब टाकला. दुसऱ्या पावसाळ्यापासून पाणी तुंबायला लागलं. गवंड्यानं उतार चुकवला, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. अण्णा काहीच बोलायचे नाहीत.

अण्णा बस डेपोत मेकॅनिक होते. पावसाळ्यात ड्युटीवर जाण्याआधी ते रोज गच्चीवर जायचे. एका फळीला जुन्या ट्यूबचं रबर ठोकून त्यांनी पाणी ढकलायला एक वायपर केला होता. पूर्वेचं पाणी ढकलत ढकलत पार पश्चिमेला न्यायचे आणि कठड्यातल्या फटीतून खाली नारळाच्या वाडीत सोडायचे...

मी आणि धाकटी बहीण फ्रॉक वर धरून त्या फळीच्या पुढे उभ्या राहायचो. पाण्याची लाट पायांवर आली की किंचाळायचो. खालून आई ओरडायची, "शाळेचे कपडे भिजवू नका गं!" अण्णा मुद्दाम अजून जोरात ढकलायचे. एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस, त्या दहा मिनिटांत मोठ्यानं हसायचा.

चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. तेव्हापासून पाणी ढकलायला कोणी नाही. आईचे गुडघे तिला जिना चढू देत नाहीत, आम्ही दोघी बहिणी लांब... आणि स्लॅब ते पाणी पीत राहिला.

सगळ्यांनी एकच सांगितलं, वर पत्र्याची शेड टाका. मलाही पटलं होतं. आई मात्र हटून बसली. "यांनी हौसेनं बांधलेली गच्ची आहे. मी आहे तोवर पत्रा नको."

म्हणून रेवदंड्याच्या दिनेशभाऊंना बोलावलं. ते गवंडीकाम करतात. पावसानं जरा उघडीप दिल्यावर त्यांनी पाणी उपसलं, मग पश्चिमेच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून बघत बसले. पाणी सरळ पूर्वेच्या कोपऱ्यात गेलं.

"ताई, उतार एकदम बरोबर आहे. ज्यानं काढला तो चांगला कारागीर होता. पण पाणी जिथे येतंय तिथे भोक पाहिजे ना!"

शेवाळ खरवडून ते कठड्याच्या पायाशी हातोडीनं ठोकत गेले. एका जागी पोकळ आवाज आला. छिन्नी लावली, वरचं सिमेंट निघालं... आत पाइप होता. त्यात खाकी कापडाचा बोळा घट्ट कोंबलेला.

बोळा घेऊन मी खाली अंगणात आईकडे आले. उलगडला तर टेरिकॉटच्या शर्टाची बाही. आईनं तिचं बटण बोटांनी चाचपलं. "हे मीच लावलंय. खाकी दोरा नव्हता म्हणून काळ्यानं... यांनी बुजवलं? पण का?"

शेजारच्या मालूकाकी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्यापायी."

आमच्या पाइपाचं पाणी थेट त्यांच्या भिंतीवर पडायचं. तेव्हा त्यांचं घर मातीचं होतं आणि पहिला पावसाळा सरता सरता भिंत खचायला लागली. पण त्या वर्षी कुंपणाच्या हद्दीवरून आई आणि काकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं, बोलणंच बंद होतं. तक्रार करायची कोणाकडे?

"तुझ्या बापसाला मी काय सांगितला न्हाय. त्यानं भिंत बघितलीन आणि भर पावसात थापी घेऊन चढला. मला म्हणाला, वहिनी, हिला सांगू नका, नाहीतर घरात दुसरं भांडण."

आई रागानं म्हणाली, "मला सांगितलं असतं, तर मी काय नको म्हटलं असतं?"

"त्या वर्षी म्हटलं असतंस," काकी म्हणाल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग एकदम हसायलाच लागल्या. आई हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

मी विचारलं, "काकी, पण तुमची भिंत तर मी आठवीत असताना चिऱ्याची झाली. तेव्हा का नाही उघडलं?"

"मी बोलले ना त्याला! आता काढा ते बूच म्हटलं. तर म्हणतो, राहू दे वहिनी, सकाळी पोरी येतात माझ्याबरोबर वर..."

मी तशीच घरात गेले.

दिनेशभाऊंनी पाइप मोकळा केला, त्याला बेंड लावून पाणी खाली वाडीच्या पाटापर्यंत नेलं. स्लॅब वाळला की वॉटरप्रूफिंग करायचं ठरलंय. पत्रा नाही.

दुपारी पुन्हा सर आली. आई म्हणाली, मला वर न्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काकी, एकेक पायरी करत तिला चढवलं. पाणी कोपऱ्यातून निघून जात होतं. दोघी छत्रीत उभं राहून ते बघत होत्या, आणि काकी तिला अण्णांच्या अजून काय काय गोष्टी सांगत होत्या...

गेलेल्या माणसाबद्दल आता नवं काही कळायचं नाही, असं आपण धरून चालतो. मला चार वर्षांनी माझे वडील थोडे जास्त कळले... मालूकाकी, तुम्ही इतकी वर्षं त्यांचा शब्द पाळलात आणि त्या दिवशी मोडलात, दोन्हींसाठी मनापासून आभार.